घरी ईव्ही चार्जर बसवण्याचा खर्च: सोलापुरात कोणतं काम आधी, कोणतं नंतर

इलेक्ट्रिक गाडी बुक झाली की पहिली चौकशी होते ती चार्जरच्या किमतीची. चार्जर घरी येतो, भिंतीवर बसतो, आणि मग एकेक गोष्ट बाहेर पडते. मीटर त्या भाराचा नसतो. चार्जर अर्थिंगचा लाल दिवा लावून बसतो. पार्किंगपर्यंत ओढलेली वायर हाताला गरम लागते. झालेलं काम उकलून पुन्हा करायचं म्हणजे मजुरी दोनदा आणि भिंतही दोनदा फोडायची.

क्रम नेमका उलटा हवा. आधी किलोमीटर, मग बिल आणि मीटर, मग जागा, वायर, अर्थिंग, सुरक्षेची उपकरणं आणि सगळ्यात शेवटी चार्जर. मागच्या टप्प्यावर पुढच्याचा खर्च ठरतो, म्हणून मधला एकही गाळू नका. खाली दिलेले दर अंदाज बांधण्यापुरते आहेत. तांब्याचा भाव हलला की वायरचा हलतो, तेव्हा काम द्यायच्या आठवड्यातलं कोटेशनच खरं धरा.

## १. आधी रोजचे किलोमीटर मोजा

घरच्या चार्जिंगचे व्यवहारात दोनच प्रकार. एक, गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर. तो १५-१६ अँपिअरच्या तीन पिनच्या सॉकेटवर चालतो आणि तासाला साधारण ३ युनिट भरतो. दुसरा, भिंतीवरचा ७.२ किंवा ७.४ किलोवॅटचा चार्जर. तो सिंगल फेजवर ३२ अँपिअरपर्यंत ओढतो आणि दुपटीहून जास्त वेगाने भरतो.

आता हिशोब करा. मध्यम आकाराची गाडी एका युनिटला खऱ्या रस्त्यावर ६ ते ७ किलोमीटर जाते. जुळे सोलापूरहून चिंचोळी एमआयडीसीला जाऊन-येऊन, मधे बाजाराची एखादी फेरी धरून दिवसाला ४०-५० किलोमीटर होत असतील, तर ७-८ युनिट लागतात. पोर्टेबल चार्जरवर हे तीन तासांत भरून होतं. रोज अक्कलकोटला नोकरीला जाणाऱ्याचे ८० किलोमीटर होतात, ते साडेचार-पाच तासांत भरतात. पंढरपूरला जाऊन येण्याचे दीडशेच्या आसपास किलोमीटरसुद्धा रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत भरून निघतात.

माझं मत स्पष्ट आहे: सोलापूर शहरात राहून शहरातच फिरणाऱ्या दहांतल्या आठ घरांना भिंतीवरच्या मोठ्या चार्जरची गरज नाही. त्यांना गरज आहे ती नीट काढलेल्या एका स्वतंत्र १६ अँपिअर पॉइंटची. मोठा चार्जर घ्यावा तो रोज लांबचा पल्ला असणाऱ्यांनी, घरात दोन ईव्ही असणाऱ्यांनी, किंवा दुपारी घरी येऊन तासा-दोन तासांत गाडी पुन्हा बाहेर काढावी लागणाऱ्यांनी.

तपासून घ्या: गाडीच्या माहितीपुस्तकात ऑन-बोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे ते पाहा. घरच्या (एसी) विजेवरच्या चार्जिंगचा वेग गाडीतला हा भाग ठरवतो, भिंतीवरचा डबा नाही. ३.३ किलोवॅटच्या मॉडेलला ७.२चा चार्जर लावला तरी गाडी ३.३नेच भरते. थ्री फेजवरचा ११ किलोवॅटचा चार्जरही तेवढा वेग घेऊ शकणारी गाडी असेल तरच कामाचा, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ७.२ किंवा ७.४च्या पुढे जात नाहीत.

## २. वीजबिल आणि मीटर वाचा

महावितरणच्या बिलावर तीन गोष्टी शोधा: मंजूर भार, सिंगल फेज की थ्री फेज, आणि मागच्या बारा महिन्यांचा वापर.

पोर्टेबल चार्जर म्हणजे ३ ते ३.५ किलोवॅटचा भार. गिझरपेक्षा थोडाच जास्त, पण गिझर वीस मिनिटं चालतो आणि हा सलग सात-आठ तास. मोठा चार्जर एकटाच ७ किलोवॅटच्या वर जातो. सोलापूरच्या मे महिन्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा: दोन एसी चालू, फ्रिज चालू, टाकीत पाणी चढवायची मोटर चालू आणि वर गाडी. बेरीज ११-१२ किलोवॅटच्या पुढे सहज जाते.

मग मीटरच्या तोंडावर काय छापलंय ते वाचा. अनेक घरगुती सिंगल फेज मीटरवर ५-३० अँपिअर लिहिलेलं असतं. अशा मीटरवर ३२ अँपिअरचा चार्जर लावणं म्हणजे एकट्या गाडीनेच मर्यादा ओलांडणं. खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायरही पाहा. जुन्या पेठांमधल्या घरांत ती कित्येक वर्षांपूर्वीची बारीक अॅल्युमिनिअमची असते, आणि तिचे जोड सगळ्यात आधी तापतात.

आता बिलाचा भाग. लोक इथे दोन उलट टोकांच्या चुका करतात. घरगुती वापराचे टप्पे आहेत ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५००च्या वर. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. त्यामुळे "३००च्या वर गेलो की सगळंच महाग" ही भीती चुकीची. पण गाडीची युनिटं नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात, हे विसरून सरासरी दराने हिशोब करणंही तितकंच चूक.

उदाहरण घ्या. घराचा वापर १८० युनिट. गाडी महिन्याला १,२०० किलोमीटर, म्हणजे १८५ युनिट. चार्जिंगमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते, म्हणून मीटरवर २०५ धरा. एकूण ३८५. यातली गाडीची १२० युनिटं १०१-३००च्या दराने आणि ८५ युनिटं ३०१-५००च्या दराने लागतील. बिलावरचा त्या-त्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क मिळवा. येईल तोच गाडीचा खरा खर्च.

सावधान: "गाडी रात्री लावली की वीज स्वस्त" हा समज घरगुती ग्राहकाच्या बाबतीत आता उलटा झाला आहे. टीओडी स्मार्ट मीटर (वीज कोणत्या वेळी वापरली तेही नोंदवणारा) बसलेल्या घरगुती ग्राहकांसाठी जुलै २०२५ पासून जी सवलत सुरू झाली, ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर आहे, प्रति युनिट ८० पैशांपासून. गाडी दिवसा घरी उभी राहत असेल, तर चार्जिंगची वेळ तीच ठेवा.

## ३. भारवाढ करायची की स्वतंत्र जोडणी घ्यायची?

स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही, आणि त्या विजेला घराचाच दर लागतो. म्हणून १६ अँपिअरचा पॉइंट काढताना मंजूर भारात जागा असेल, तर महावितरणकडे जायचं कारणच नाही.

जागा नसेल तर भारवाढीचा अर्ज ऑनलाइन किंवा महावितरणच्या मोबाइल अॅपवरून करा. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तेव्हा काम ज्याच्याकडून करून घेणार त्याचा परवाना आधीच पाहून ठेवा. भार सिंगल फेजमध्ये मावत नसेल तर थ्री फेज घ्यावं लागतं. त्यात मीटर बदलतो, सर्व्हिस वायर बदलते आणि दर महिन्याचा स्थिर आकारही वाढतो. फक्त गाडीसाठी थ्री फेजला जायच्या आधी एक पर्याय बघा: भिंतीवरच्या बहुतेक चार्जरमध्ये करंट कमी करून ठेवता येतो. ३२ऐवजी १६ अँपिअरवर तो चालवला, तर बऱ्याच घरांचं काम आहे त्या जोडणीवर भागतं.

दुसरा मार्ग म्हणजे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा मीटर. त्याची दरश्रेणी वेगळी असते. टप्पे नसतात, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. घराचा वापर आधीच ४००-५०० युनिटांच्या घरात असेल आणि गाडीही भरपूर पळत असेल, तरच हे परवडतं. वापर कमी असलेल्या घरात वेगळा मीटर म्हणजे दुसरा स्थिर आकार अंगावर घेणं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर लाइन तुमच्याच मीटरवरून खाली आणा. जिन्याच्या किंवा पंपाच्या सामाईक मीटरवरून कधीही नको. सोसायटीची परवानगी लेखी घ्या, आणि त्यात पाइप कोणत्या भिंतीवरून जाणार तेही लिहून घ्या. ग्राहक हक्कांच्या नियमांत २०२४ साली झालेल्या बदलानुसार सोसायटीतल्या रहिवाशाला ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. नव्या जोडणीसाठी महापालिका क्षेत्रात ७ दिवसांची मुदत आहे.

## ४. जागा ठरवा, मग टेपने मोजा

चार्जर गाडीच्या चार्जिंग पोर्टच्या बाजूला हवा. पोर्ट कुठे आहे ते मॉडेलनुसार बदलतं: कुठे पुढच्या फेंडरवर, कुठे मागे, कुठे समोर नाकावर. गाडी रोज जशी लावता तशी उभी करून पाहा. केबल ताणली जाता कामा नये आणि बॉनेटवरून आडवीही टाकावी लागता कामा नये.

पश्चिमेची भिंत टाळा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो, आणि दुपारचं ऊन थेट पडणारी भिंत संध्याकाळी आठ वाजताही तापलेली असते. चार्जर गरम झाला की स्वतःहून करंट कमी करतो किंवा बंदच पडतो. दुसरी जागा नसेल तर वर पत्र्याची झड काढा आणि मागून हवा खेळेल अशी फट ठेवा.

सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असायला हवं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. १.१ ते १.२ मीटर ठेवलं तर वाकावं लागत नाही आणि पावसाचं उडालेलं पाणीही लागत नाही.

सावधान: एक्स्टेन्शन बोर्ड नाही, अॅडॉप्टर नाही, खिडकीतून टाकलेली वायर नाही. दोन दिवसांपुरतीसुद्धा नाही. याच सुरक्षा नियमांनी ईव्हीसाठी एक्स्टेन्शनला मनाई केली आहे. सलग आठ तास १५ अँपिअर वाहायला तो बोर्ड बनवलेलाच नसतो.

## ५. वायर: इथे पैसे वाचवू नका

गाडीची लाइन मुख्य डीबीपासून, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइन जिथून फुटतात त्या पेटीपासून, सुटी हवी. मधे कुठलाही पॉइंट नको. गिझरच्या किंवा एसीच्या लाइनवरून फांदी काढणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. काम तासाभरात होतं, पण दोन्ही एकदम चालले की जोड वितळतो.

१६ अँपिअरच्या पॉइंटसाठी तांब्याची ४ एमएम (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर) वायर घ्या. फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही ४ची. घरात आधीपासून असलेला "पॉवर पॉइंट" २.५ एमएमवर असेल, तर तो गाडीसाठी वापरू नका.

७.४ किलोवॅटसाठी पुस्तकात ६ एमएम चालते. सोलापुरात मी १० एमएमच सुचवेन, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक, उन्हात तापलेल्या पाइपमधली वायर तिच्यावर छापलेला करंट वाहू शकत नाही, आणि इथे तर तिच्यामागे ४० अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असते. दुसरं, व्होल्टेज. ३२ अँपिअरवर ३० मीटर लांबीच्या ६ एमएम वायरमध्ये सुमारे ७ व्होल्ट वाटेतच पडतात, १० एमएममध्ये ४च्या आसपास. यंत्रमागांच्या पूर्व भागात किंवा लाइनच्या शेवटाला राहणाऱ्यांना मुळातच व्होल्टेज कमी मिळत असेल, तर हे ३ व्होल्टही महत्त्वाचे.

मीटर एका टोकाला आणि गाडी दुसऱ्या टोकाला असेल, तर जमिनीखालून आर्मर्ड (धातूच्या आवरणाची) केबल पाइपमधून टाका. भिंतीवरून जाणारी वायर जाड पीव्हीसी पाइपमधून न्या. वायरच्या टोकांना लग दाबूनच स्क्रूखाली जाऊ द्या. नुसते तारांचे झुपके पिळून घातले, तर महिन्याभरात सैल होतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर वायरमनला कामाच्या आधी सांगा: गाडीची लाइन इन्व्हर्टरच्या आधी निघाली पाहिजे. नाहीतर लाइट गेली की गाडीचा सगळा भार इन्व्हर्टरवर येतो.

तपासून घ्या: कॉइल तुमच्यासमोर फोडायला लावा आणि वायरवरची छपाई वाचा. पाइप बुजवायच्या आधी संपूर्ण मार्गाचे फोटो काढून ठेवा.

## ६. अर्थिंग: बहुतेक कामं इथेच अडतात

ईव्ही चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो. फ्रिज, एसी, गिझर यांतलं कोणीच हे करत नाही, म्हणून वीस वर्षं बिनअर्थिंगच्या घरात राहूनही कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी आली की ते उघडं पडतं.

सोलापूरच्या जमिनीची अडचण दुहेरी आहे. वर काळी माती, ती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि रॉडपासून सुटते. खाली थोड्याच खोलीवर मुरूम आणि मग काळा कातळ, तो ओल धरत नाही. मीठ-कोळशाचा जुना खड्डा चालतो, पण त्याला पाणी घालावं लागतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी कोण घालणार? म्हणून इथे केमिकल अर्थिंग घ्यावं: तीन मीटरचा इलेक्ट्रोड आणि भोवती बेंटोनाइटचं मिश्रण. ते ओल धरून ठेवतं. कातळ लागला तर लोक रॉड कापून उरलेला तुकडा पुरतात. तसं करू देऊ नका. बोअरच्या छोट्या मशीनने भोक घ्या, किंवा अंतर राखून दोन इलेक्ट्रोड टाकून ते एकमेकांना जोडा. खड्डा शक्यतो धुण्याच्या मोरीजवळ किंवा झाडांजवळ घ्या. आरओ मशीनचं फेकलं जाणारं पाणी रोज त्यात सोडलंत, तर उन्हाळाभर पुरतं.

खर्च साध्या जमिनीत ५,००० ते ९,००० रुपये. कातळ फोडावा लागला तर १२,०००पर्यंत.

अर्थ टेस्टरने मोजमाप करून घ्या, आकडा ५ ओहमच्या आत हवा. शक्य असेल तर ते उन्हाळ्याच्या शेवटी करा. ऑगस्टमध्ये जमीन ओली असताना कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. पावसाळ्यात काम झालं असेल, तर पुढच्या मेमध्ये एकदा पुन्हा मोजायचं आत्ताच ठेकेदाराशी ठरवून ठेवा.

सावधान, आणि हे नीट वाचा: चार्जर अर्थिंगची चूक दाखवतो तेव्हा काही वायरमन म्हणतात, "साहेब, न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो, काही होत नाही." सॉकेटच्या मागे एक छोटा तुकडा जोडला की दिवा हिरवा होतो आणि गाडी भरायला लागते. हे कधीही करू देऊ नका. खांबावर किंवा मीटरमध्ये न्यूट्रल सुटला, तर फेजचा पूर्ण दाब त्या तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर येतो, आणि ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणारा माणूस त्या विजेची वाट बनतो. शिवाय असा तुकडा असला की आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) टिकत नाही, सारखी पडते. मग तीही काढून टाकतात. म्हणजे वाचवणाऱ्या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जातात. असा उपाय सुचवणाऱ्याकडून पुढचं काम करून घेऊ नका.

## ७. एमसीबी आणि आरसीसीबी

१६ अँपिअरच्या पॉइंटला २० अँपिअरची डबल पोल एमसीबी, ३२ अँपिअरच्या चार्जरला ४०ची. तासन्‌तास पूर्ण भार वाहणाऱ्या लाइनला नेमक्या तेवढ्याच अँपिअरची एमसीबी लावली, तर सोलापूरच्या गर्मीत ती मध्यरात्री पडते आणि सकाळी गाडी अर्धी भरलेली सापडते. उलट, वायर बारीक ठेवून एमसीबी तेवढी मोठी लावणं हे आगीला निमंत्रण.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची आणि टाइप ए हवी. दुकानात न सांगता मागितली तर स्वस्तातली टाइप एसी मिळते. चार्जरमधला दोष ओळखायला ती पुरेशी नाही, आणि नियमांतही किमान टाइप ए सांगितली आहे. घराच्या मेनला आधीच एक आरसीसीबी असली तरी गाडीच्या लाइनची वेगळी ठेवा, म्हणजे गाडीच्या दोषाने घर अंधारात जाणार नाही.

जुन्या घरात नवी आरसीसीबी लावताच पडत असेल, तर कुठेतरी दोन लाइनचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. ते शोधून वेगळे करायचे. आरसीसीबी काढून टाकणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

सर्ज प्रोटेक्शनचं उपकरण ऐच्छिक आहे. गावाबाहेर, मोकळ्या माळावरच्या घरांनी ते घ्यावं. वळवाच्या विजा तिथे लाइनवर जास्त उतरतात.

## ८. आता चार्जर किंवा सॉकेट

पोर्टेबल चार्जरसाठी सॉकेट जाड पितळी पट्ट्यांचं, नामांकित कंपनीचं घ्या. बाहेरच्या भिंतीला असेल तर झाकणाच्या पेटीत. तीनशे ते सहाशे रुपयांची ही वस्तू, पण सगळा करंट तिच्यातूनच जातो.

भिंतीवरचा ७.२-७.४ किलोवॅटचा चार्जर साधारण २५,००० ते ५५,००० रुपयांत येतो. गाडीसोबत कंपनी देत असेल, तर त्या किमतीत वायर किती मीटरपर्यंत फुकट आणि अर्थिंग धरलंय का, हे लेखी विचारा. बहुतेक वेळा ठराविक मीटरच्या पुढची वायर, अर्थिंग आणि खोदकाम तुमच्याच माथी असतं. उघड्यावर बसणार असेल तर धूळ-पाण्यापासून आयपी ५४ किंवा त्याहून वरचं संरक्षण पाहा. अॅप आणि वायफायसाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. वेळ बहुतेक गाड्यांतूनच लावता येते. करंट कमी करायची सोय मात्र हवीच.

तपासून घ्या: ईव्ही चार्जरवर जीएसटी ५ टक्के आहे. बिलावर चार्जर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. सगळं "इन्स्टॉलेशनसह" म्हणून एकत्र लावलं, तर चार्जरवरही १८ टक्के जातात.

## ९. सगळी बेरीज

मीटर आणि पार्किंगमध्ये १२ मीटर अंतर असलेलं स्वतंत्र घर, १६ अँपिअरचा पॉइंट:

- ४ एमएम वायर ३६ मीटर: २,५०० ते ३,२०० रुपये
- एमसीबी, आरसीसीबी, पेटी: ३,५०० ते ५,०००
- सॉकेट: ३०० ते ६००
- पाइप आणि किरकोळ सामान: ८०० ते १,०००
- अर्थिंग: ५,००० ते ९,०००
- मजुरी: २,००० ते ३,५००

एकूण १४,००० ते २२,०००. अर्थिंग आधीच चांगलं असेल आणि मोजून खात्री केली असेल, तर ९,००० ते १३,०००.

२५ मीटर अंतरावर ७.४ किलोवॅटचा चार्जर: १० एमएम वायर ७५ मीटर १३,५०० ते १७,०००, चार्जर २५,००० ते ५५,०००, सुरक्षेची उपकरणं ५,००० ते ९,०००, अर्थिंग ६,००० ते १२,०००, पाइप आणि खोदकाम ३,००० ते ६,०००, मजुरी ५,००० ते ९,०००. म्हणजे ५७,०००पासून १,०८,०००पर्यंत. भारवाढीचे पैसे याच्या वर.

कोटेशन किमान दोघांकडून घ्या आणि एकाच यादीवर घ्या: वायरचा एमएम आणि कंपनी, वायर किती मीटर, आरसीसीबीचा टाइप, अर्थिंगची खोली, मोजमापाचा आकडा लिहून देणार की नाही. "सगळं मिळून पंधरा हजार" असं तोंडी सांगणाऱ्याची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नाही.

## १०. पहिलं चार्जिंग दिवसा, समोर उभं राहून

वायरमन निघून जायच्या आधी ही तपासणी त्याच्याकडूनच करून घ्या:

१. सॉकेटमध्ये समोरून पाहताना फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थ वर. उलटं असेल तर काही चार्जर सुरूच होत नाहीत.

२. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. लगेच पडली पाहिजे.

३. चार्जिंग सुरू करायच्या आधी व्होल्टेज मोजा, सुरू झाल्यावर पुन्हा मोजा. फरक १० व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा सर्व्हिस वायर कमी पडतेय. ती सर्व्हिस वायर असेल तर महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवा.

४. चालू भारावर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. ३ व्होल्टच्या आत उत्तम, ५च्या वर असेल तर अर्थिंग आणि न्यूट्रलचे जोड पुन्हा पाहा.

५. टोंग टेस्टरने (वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या चिमट्याने) करंट पाहा. माहितीपुस्तकात दिलेल्या आकड्याशी जुळायला हवा.

६. अर्ध्या तासाने प्लग, सॉकेटची कड, एमसीबी आणि मीटरची पेटी यांना बाहेरून हात लावा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर चार्जिंग थांबवा, आणि तो जोड उघडून घट्ट केल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या. नवी वायर भाराखाली तापते-निवते आणि पहिल्या काही आठवड्यांत जोड थोडे ढिले होतात. आरसीसीबीचं बटण दर महिन्याला दाबा.

## ११. पहिल्या वर्षात येणारे बाकीचे खर्च

सुरक्षा ठेव हा खर्च कोणी आधी धरत नाही. ती सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असते आणि वर्षातून एकदा नव्याने काढली जाते. गाडीमुळे बिल १,५००वरून ३,५००वर गेलं, तर पुढच्या वर्षी ४,०००च्या आसपास अतिरिक्त ठेवीचं वेगळं बिल येतं. ते चुकीचं नाही. त्यावर व्याजही जमा होतं. पण पैसे बाजूला ठेवा.

छतावर सोलर बसवायचा विचार असेल, तर गाडीची युनिटं धरून आकार ठरवा. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट पकडली, तर ३ किलोवॅटची महिन्याला ३६० युनिट होतात, म्हणजे घराच्या १८० आणि गाडीच्या २०५ युनिटांना ती थोडी कमीच पडतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढे अनुदान ७८,००० रुपयांवर थांबतं, त्यामुळे चौथ्या किलोवॅटचा खर्च पूर्ण तुमचा. सोलर आधी बसवून वर्षभराने गाडी घेणाऱ्यांना पॅनेल वाढवताना पुन्हा अर्ज करावा लागतो. दोन्ही डोक्यात असतील तर सोलरच्या ठेकेदाराला पहिल्याच भेटीत गाडीचे किलोमीटर सांगा, आणि मंजूर भारही त्याच अर्जाच्या वेळी वाढवून घ्या.